नानपुऱ्यातली समुद्राची पुस्तकं

आई घरी साड्यांना फॉल लावायचं आणि पिको करायचं काम करायची. सुरतेत प्लेगची साथ येऊन गेली त्याच्या पुढच्या वर्षी तिच्याकडे नानपुऱ्यातल्या एका गुजराती बाईंच्या साड्या आल्या, आणि त्या पोहोचवायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेज सकाळचं, दुपार मोकळी, आणि सायकल माझी स्वतःची. उधन्यातून मजुरा गेटवरून नानपुऱ्याला जायला अर्धा तास पुरायचा.

दार त्या बाईंनीच उघडलं. आत खिडकीपाशी त्यांचे यजमान बसले होते. उंच, वाळलेले, पांढऱ्या बनियनमध्ये. एक जाडजूड पुस्तक त्यांनी नाकाच्या इतकं जवळ धरलं होतं की मला आधी वाटलं, ते त्याचा वास घेताहेत. दुसऱ्या हातात भिंग होतं.

"कोण आलंय?" त्यांनी गुजरातीत विचारलं.

"साड्यावाल्या बेनची मुलगी," त्या बाई म्हणाल्या. पुढे मी त्यांना काकी आणि यजमानांना काका म्हणायला लागले.

"शिकतेस का?"

"हो. राज्यशास्त्र."

हे ऐकल्यावर त्यांनी पुस्तक खाली ठेवलं आणि माझ्या दिशेला तोंड केलं. "मग इकडे ये. एवढं पान वाच."

पुस्तक इंग्रजी होतं. माझं सगळं शिक्षण गुजराती माध्यमातलं. इंग्रजीचा पेपर मी कसाबसा काढला होता. पण नाही म्हणायची हिंमत झाली नाही. साड्यांची पिशवी खाली ठेवली आणि उभ्याउभ्याच वाचायला लागले. तिसऱ्या ओळीत अडखळले.

"सोव्हेरेग्नटी..."

त्यांनी हात वर केला. "सॉव्हरिन्टी. सार्वभौमत्व. त्यातला जी बोलायचा नाही. ह्या एका शब्दापायी माणसं मरतात, पोयरी. तो तरी नीट म्हण."

मी नीट म्हटला. मग पुढे आर्चीपेलागो आलं, त्याचं त्यांनी अर्किपेलगो केलं आणि बेटांच्या समूहाला तसं म्हणतात हेही सांगितलं. अर्धं पान व्हायला वीस मिनिटं लागली. मला घाम फुटला होता. काका मात्र डोळे मिटून असे ऐकत होते, जणू मी गाणं म्हणतेय.

"अहो, पोयरीला बसायला तरी सांगा," काकी आतून ओरडल्या.

काका तीसेक वर्षं मालवाहू जहाजांवर वायरलेस अधिकारी होते. कानाला यंत्र लावून आलेले संदेश टिपायचे, आपल्या जहाजाचे पाठवायचे, हे त्यांचं काम. निवृत्त होता होता त्यांना काचबिंदू झाला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जेवढं दिसतंय तेवढं टिकवा, गेलेलं परत येणार नाही. आणि घरात काचेचं एक कपाट भरून आणि पलंगाखाली एक पेटी भरून पुस्तकं. त्यात गोष्टीचं पुस्तक एकही नव्हतं. कुठलं बेट कुणाचं, कुठल्या समुद्राची हद्द कुठपर्यंत, कुठल्या चिंचोळ्या वाटेवर कुणाच्या तोफा, चाचे कुठे दबा धरून असतात, आरमारं एकमेकांच्या अंगावर का जातात, असली सगळी. निम्मी त्यांनी बंदराबंदरांतून उचलली होती, बाकीची मुंबईहून टपालाने मागवलेली.

"सोमवार, बुधवार, शुक्रवार," ते म्हणाले. "दुपारी दोन तास तू मला वाचून दाखव. मी तुला इंग्रजी शिकवतो. कबूल?"

मी घरी विचारून सांगते म्हटलं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते पटलं नाही. ते लूमच्या कारखान्यात मास्तर होते. बिघडलेला माग नुसता आवाजावरून ओळखायचे, पण लोकांच्या घरी मुलीने जाऊन पुस्तकं वाचायची हा काय प्रकार, हे त्यांना कळेना. शेवटी आई एकदा स्वतः नानपुऱ्याला जाऊन आली. काकींबरोबर चहा प्यायली, कपाट बघितलं, काकांना बघितलं आणि येऊन म्हणाली, "जाऊ द्या तिला. त्या बाईला पण कोणीतरी बोलायला पाहिजे. नवरा दिवसभर समुद्रातच असतो."

अशी माझी वाचायची नोकरी सुरू झाली.

पहिले दोन महिने मी काय वाचतेय ते मला अजिबात कळत नव्हतं. तोंडातून शब्द जायचे, डोक्यात काही राहायचं नाही. काकांचा कान मात्र भयंकर तयार. एखादी ओळ नजरेतून सुटली की लगेच म्हणायचे, "ओळ खाल्लीस." त्यांनी ते पुस्तक आधी वाचलेलं नसलं तरी त्यांना कळायचं. "वाक्याचा तोल गेला," म्हणायचे. वाचून झालं की टेबलावर नकाशाची मोठी वही उघडायची. माझं बोट नकाशावर, त्यांचे डोळे मिटलेले. "वर घे. अजून वर. आता डावीकडे. आली का एक बारीक फट?" आणि खरंच, बोटाखाली फट आलेली असायची. दोन भूभागांच्या मध्ये पाण्याची चिमूटभर वाट. "इथून रोज तेलाची जहाजं जातात. इथे कोणी आडवं आलं तर सुरतेत रिक्षा बंद पडतील." मला ते नवीन होतं. रिक्षा बंद पडतात त्या संपामुळे, एवढंच मला माहीत.

काकी खालच्या सतरंजीवर डाळ निवडत बसलेल्या असायच्या. ऐकत नाही असं दाखवायच्या, पण सगळं ऐकायच्या. एकदा एका ओसाड खडकावरून दोन देशांनी एकमेकांवर आरमार पाठवल्याचं पान चाललं होतं. काकींनी ताट बाजूला ठेवलं.

"त्या खडकावर काय आहे?"

"काही नाही," काका म्हणाले. "पक्षी."

"मग पक्ष्यांना विचारा," काकी म्हणाल्या आणि पुन्हा डाळीत डोकं घातलं. मला हसू आवरेना. काकाही हसले. त्या दिवशी पुढचं वाचनच झालं नाही. शेव-खमणी खाऊन मी घरी आले.

त्यांना ही पुस्तकं कशाला हवीत, हे मी फार उशिरा विचारलं. एका शुक्रवारी आखातातल्या लढाईवरचा भाग आला. इराण-इराक लढत होते तेव्हा तिथून तेल नेणाऱ्या जहाजांवरही हल्ले व्हायचे. मी वाचत गेले. एका वाक्यापाशी काकांनी थांबवलं. "ते परत वाच." मी वाचलं. "अजून एकदा." मी तिसऱ्यांदा वाचलं. वाक्य साधं होतं. त्या महिन्यात काही मालवाहू जहाजांचंही नुकसान झालं, एवढंच.

"त्यातलं एक मी ऐकलं," काका म्हणाले.

ते तेव्हा त्याच पाण्यात एका टँकरवर होते. सकाळची वेळ. कानाच्या यंत्रात दुसऱ्या एका जहाजाची हाक आली. त्या जहाजाच्या वायरलेसवाल्याने आपण कुठे आहोत ते दोनदा सांगितलं, आग लागल्याचं सांगितलं आणि मग एकदम शांत. काकांनी ते टिपून कप्तानाला दिलं. त्यांच्यापेक्षा जवळ दुसरं एक जहाज होतं, ते मदतीला गेलं. बरीचशी माणसं वाचली, असं पुढे बंदरात कळलं.

"तीस वर्षं मला कोण ओरडतंय ते ऐकू यायचं," काका म्हणाले. "का ओरडतंय, ते कधी कळलं नाही. आम्ही हाक टिपायची, कागद वर द्यायचा. म्हणून ठरवलं होतं, रिटायर झालो की बसून नीट वाचीन. आणि बघ, रिटायर झालो तर डोळे गेले."

काकी उठून आत गेल्या. काका म्हणाले, "चल, पुढे. आता माझे डोळे सायकलवर येतात, मला काय कमी आहे?"

त्या दिवसापासून मी घरी शब्दकोश घेऊन बसायला लागले. आदल्या खेपेला पुस्तक घरी न्यायचं, अडलेले शब्द काढायचे, पुढच्या खेपेला समजून वाचायचं. आमच्या घरात एवढं जाड पुस्तक पूर्वी कधी आलं नव्हतं. आई ते शिवणाच्या यंत्रापासून दूर, देवाच्या फळीवर ठेवायची. एकदा आबा जेवता जेवता म्हणाले, "इतलं काय शे वं त्याम्हा?" घरी आम्ही अहिराणीच बोलायचो. आबा अमळनेर तालुक्यातल्या खेड्यातून सुरतेला आले त्याला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती, पण कारखान्याचा दरवाजा ओलांडला की त्यांची भाषा गावाकडची व्हायची.

मी सांगितलं, समुद्राची हद्द कशी ठरवतात ते आहे.

"समुद्रले बांध ऱ्हास का वं?"

समुद्रालाही बांध असतो, मी म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. बांध हा शब्द आमच्या घरात सहजासहजी कोणी काढत नसे.

गावाकडे आबांचं आणि त्यांच्या मोठ्या भावाचं शेत लागून होतं. मधल्या बांधावर एक आंब्याचं झाड. वाटणी झाली तेव्हा झाड कुणाचं ते कुणीच बोललं नव्हतं. मग एका वर्षी मोठे बाबा, म्हणजे माझे चुलते, सगळे आंबे उतरवून घेऊन गेले. आबांनी सुरतेहून जाऊन विचारलं तर ते म्हणाले, बांध माझ्या हद्दीत आहे. आबा म्हणाले, माझ्या. शब्दाला शब्द वाढला. तेव्हापासून सहा वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते. गावात लग्न असलं की एक जण हळदीला जायचा, दुसरा जेवणाला.

त्या दिवशी आबांनी ताट उचलून मोरीत ठेवलं आणि पाळीला गेले.

गणपतीत आमच्या वसाहतीतलं मंडळ दरवर्षी एक व्याख्यान ठेवायचं. वसाहतीत सगळे आपलेच लोक. निम्मे खानदेशी, बाकीचे मराठवाड्यातले आणि विदर्भातले. त्या वर्षी जळगावहून एक वक्ते व्यसनमुक्तीवर बोलायला येणार होते. कारखान्यांच्या सुट्टीचा दिवस, दुपारी चारची वेळ. लोक येऊन बसले. मंडळाचे सेक्रेटरी व्यवसायाने शिंपी होते. ते साडेचारला घामाघूम होऊन आमच्या दारात आले.

"ताई, पाहुण्यांची गाडी चुकली. मांडवात शंभर माणूस बसलंय. तुम्ही काहीतरी बोला."

"मी? व्यसनमुक्तीवर?"

"कशावरही बोला. तुमची आई सांगत होती, तुम्ही हातभर जाडीची पुस्तकं वाचता."

आई यंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "जा की. तिकडं रोज वाचतेस ते इथं सांग."

मला पळून जावंसं वाटलं. बोलायचं म्हणजे मराठीत, आणि माझी मराठी म्हणजे रेडिओवर ऐकलेली आणि लग्नपत्रिकांत वाचलेली. घरी अहिराणी, शाळेत गुजराती, गल्लीत हिंदी, आणि डोक्यातला समुद्र सगळा इंग्रजी. मांडवात जाईपर्यंत मी मनातल्या मनात शब्द जुळवत होते. मंडळाचा फळा स्टेजवर होता, त्यावर आरतीची वेळ लिहिलेली. मी ती पुसली आणि खडूने किनारा काढला.

"हा समुद्र," मी म्हणाले. "आज आपण बघू, समुद्रात कुणाची हद्द कुठपर्यंत असते ते."

पुढच्या रांगेतले दोन म्हातारे उठून जाऊ लागले. सेक्रेटरींनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

मी सांगितलं की किनाऱ्यापासून बारा सागरी मैल पाणी पूर्ण त्या देशाचं. बारा सागरी मैल म्हणजे किती, हे मी आधी किलोमीटरमध्ये सांगितलं. सगळ्यांचे चेहरे कोरे. मग म्हणाले, "म्हणजे इथून जवळजवळ पलसाण्यापर्यंत." चेहरे जरा हलले. "आणि दोनशे सागरी मैलांपर्यंत मासे आणि जमिनीखालचं तेल त्या देशाचं, पण वरून कोणाचंही जहाज जाऊ शकतं. दोनशे म्हणजे इथून भुसावळच्याही पुढे."

"अरे बापरे!" मागून कोणीतरी म्हणालं. ती गाडी सगळ्यांनी केलेली होती. रात्रभर उभं राहून केलेली होती. अंतर सगळ्यांच्या पायात होतं.

मग मला सूर सापडला. परक्या जहाजाला दुसऱ्याच्या पाण्यातून निमूटपणे, काही खोडी न करता जायची मुभा असते, हे सांगायला पुस्तकातला शब्द मला मराठीत येईना. मी म्हटलं, "आपल्या शेतातून दुसऱ्याला त्याच्या विहिरीवर जायची वहिवाट असते ना, तसं. जा, पण मधेच थांबून भुईमूग उपटायचा नाही." लोक हसले, आणि उठून चाललेल्यांतला एक म्हातारा म्हणाला, "हे बरोबर आहे. हे आमच्याकडं कोर्टानंच सांगितलंय."

बेटांचं सांगितलं. ज्या खडकावर माणूस राहू शकत नाही, त्याच्याभोवती दोनशे मैलांचा हक्क मिळत नाही, फक्त बाराचा. म्हणून देश काय करतात, तर खडकावर पाच-दहा शिपाई नेऊन ठेवतात आणि म्हणतात, बघा, इथं माणूस राहतो.

बायकांच्या बाजूने परभणीकडच्या एक बाई उभ्या राहिल्या. आमच्या नळावर त्यांचा मोठा दरारा होता. "राहतो म्हंजी? पाणी कुठून भरतो?"

"बोटीने आणून देतात."

"मग ते राहणं नव्हं. जिथं पाणी न्हाई तिथं संसार न्हाई. लिहा म्हणावं तसं."

मी त्यांना सांगितलं की मोठमोठे कायदेपंडित नेमका ह्याच मुद्द्यावर वाद घालताहेत. त्या खाली बसल्या आणि शेजारणीकडे असं बघितलं की मला आजही ती नजर आठवते.

तासभर होऊन गेला होता. मी आवरतं घेणार, इतक्यात मागच्या खांबापाशी कोणी उभं राहिलं. आबा होते. ते आलेत हेच मला माहीत नव्हतं.

"मास्तर, बोला," सेक्रेटरी म्हणाले.

आबांनी घसा साफ केला. "आन झाड बांधवरच ऱ्हायनं तर?"

खानदेशी मंडळी हसली. निम्म्यांना आमच्या आंब्याची गोष्ट माहीत होती. आबा हसले नाहीत. मलाही हसता येईना. पण प्रश्न त्यांनी खरा विचारला होता आणि उत्तर मी मागच्याच आठवड्यात वाचलं होतं.

"असं पण झालंय," मी म्हणाले. "आग्नेय आशियात दोन देशांच्या मधल्या समुद्रात खाली तेल आहे. दोघं म्हणतात आमचं. वर्षानुवर्षं रेषा ठरेना. मग त्यांनी ठरवलं, रेषेचं राहू दे. ते भांडण बाजूला ठेवू. खालचं मिळून काढू आणि निम्मं निम्मं घेऊ."

"मंग बांध कोना ठरना?"

"नाही ठरला. अजून नाही ठरला."

आबा क्षणभर उभे राहिले, मान हलवली आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला नारळ आणि शाल मिळाली. शाल पाहुण्यांसाठी आणलेली होती. ती आईने दुसऱ्याच दिवशी घडी करून पेटीत ठेवली.

पाच-सहा दिवसांनी आबा जेवताना म्हणाले, "त्या दोन देशांनी कागद केला, का तोंडी?"

"कागद."

"आधी कोण बोललं?"

ते मला माहीत नव्हतं. बुधवारी मी काकांना विचारलं. आम्ही दोघांनी तो भाग पुन्हा वाचला. करार कधी झाला, त्यात काय आहे, सगळं होतं. आधी कोण बोललं, ते नव्हतं.

"पुस्तकवाले ते कधीच लिहीत नाहीत," काका म्हणाले. मग मी त्यांना घरची सगळी गोष्ट सांगितली. आंबा, मोठे बाबा, सहा वर्षं. काका बराच वेळ टेबलावर बोट वाजवत बसले. विचार करताना त्यांचं बोट आपोआप संदेशाची टकटक करायचं. "तुझ्या बापाला सांग, वायरलेसवर ज्याला गरज असते तो आधी हाक मारतो. त्यात कमीपणा काहीच नाही. हाक मारली नाही तर बाजूने गेलेल्या जहाजाला कळणार कसं?"

मी ते जसंच्या तसं आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "मोठा माणूस शे." आणि मला अंतर्देशीय पत्र आणायला पाठवलं.

ते पत्र मी लिहून घेतलं. आबा सांगत होते, खोडत होते, पुन्हा सांगत होते. शेवटी उरलं ते फार थोडं होतं. बांध आहे तिथे राहू द्या. मोजणी नको. कोणाचा ते तुम्ही म्हणू नका, मी म्हणत नाही. आंबे दोघांचे. वहिनींना नमस्कार.

उत्तर यायला दिवाळी उलटली. पोस्टकार्डावर चुलत भावाच्या अक्षरात एकच ओळ. "पत्र मिळाले, आंबे आल्यावर बघू." आबांनी ते कार्ड चार वेळा वाचून घेतलं. आईला म्हणाले, "'नाही' असं तर म्हणाला नाही ना?"

आखाजीला आबा गावी गेले. मी आणि आईही गेलो. अक्षय्यतृतीयेच्या त्या सणाला आमच्याकडे लेकीबाळी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. आम्ही एसटीतून उतरलो तर फाट्यावर मोठे बाबा बैलगाडी घेऊन उभे. कोणी कोणाला मिठी मारली नाही. मोठ्या बाबांनी आईच्या हातातली पिशवी घेतली, गाडीत ठेवली आणि आबांना विचारलं, "मागे बसस का पुढे?" आबा पुढे बसले. घर येईपर्यंत दोघे बैलांविषयी बोलत होते. संध्याकाळी सांजोऱ्या, आमरस, आणि एका ओळीत दोघांची ताटं. मोठी आई, म्हणजे माझी चुलती, वाढताना सारखी पदराने नाक पुसत होती आणि चूल धुराची झालीय म्हणत होती. दुसऱ्या दिवशी सगळे मिळून आंबे उतरवायला गेलो. झाडाला मी झोका बांधला. झोका जाताना आबांच्या शेतावर जायचा आणि येताना मोठ्या बाबांच्या. त्या बांधाची मोजणी आजवर झालेली नाही.

पेरणीच्या आधी मोठे बाबा स्वतः सुरतेला आले. त्यांनी सुरत कधी पाहिली नव्हती. गोणीत गवत घालून आंबे आणले होते, आणि त्यातले चांगले निवडून बाजूला काढलेले. "ज्या माणसाने हाकेचं सांगितलं, त्याच्यासाठी," म्हणाले.

आई, आबा, मोठे बाबा आणि मी, सगळे नानपुऱ्याला गेलो. मला काळजी होती की ह्या दोघांचं बोलणं कसं होणार. मोठ्या बाबांना अहिराणीशिवाय काही येत नव्हतं आणि काकांची सुरती गुजराती. मी मधे बसले, दुभाष्या म्हणून. पण मोठे बाबा म्हणाले, "आंबा गोड शे, खाई देखा," आणि काका म्हणाले, "मीठी छे, बहु मीठी छे," आणि गाडी सुरू झाली. अर्ध्याअधिक शब्दांना तर दोन्हीकडे एकच चाल. काकींनी आंबे पाण्यात टाकले आणि फर्मान काढलं की एवढा लांबून माणूस आलाय, त्याला घरात काय बसवून ठेवता, डुमसला समुद्रावर न्या.

दोन रिक्षा करून आम्ही डुमसला गेलो. भरती ओसरलेली, काळी वाळू लांबवर उघडी. मोठे बाबा चपला हातात घेऊन उभे राहिले. मग त्यांनी डोळ्यांवर हात धरला. उन्हात शेताच्या दुसऱ्या टोकाला कुणाची बकरी शिरलीय ते ओळखणारी ती नजर. "तठे दोन जहाजं शेतस," ते काकांना म्हणाले.

"कशी दिसतात? पाण्यात खोल आहेत की वर?"

"एक खोल. दुसरं उंच, लाल पट्टा दिसस."

"लाल पट्टा दिसतो म्हणजे रिकामं आहे," काका म्हणाले. "तोंड कुठे आहे त्याचं? हजिराच्या बंदराकडे?"

"नहीं. तिकडे." मोठ्या बाबांनी काकांचा हात धरून त्या दिशेला नेला.

"मग माल टाकून निघालं बाहेर."

दोघे तसेच चालत पुढे गेले, एकाचा हात दुसऱ्याच्या हातात. एक विचारत होता, दुसरा बघून सांगत होता. आबा त्यांच्या मागे चपलांचे तीन जोड घेऊन चालले होते. मला कोणी विचारतच नव्हतं. काकी आणि आई टपरीवर बसल्या होत्या, दोघींच्या मध्ये टोमॅटोच्या भजींची ताटली. मी जाऊन त्यांच्याशेजारी बसले.

"संपतील," काकी म्हणाल्या. "आधी खाऊन घे."